गोचीड कुठून आले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदालाही नाही. आणि सुनंदा म्हणजे माझी बायको. बारावीला मी एकदा नापास झालो होतो, ते तिला माहीत आहे. तिच्या वडिलांना मी पहिल्या भेटीत पगार वाढवून सांगितला होता, तेही माहीत आहे. हे एवढंच माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, गोचिडांवरून कसला कबुलीजबाब? हसा. मीही बरेच दिवस ते हसण्यावारीच न्यायचा प्रयत्न करत होतो — एवढासा किडा, त्यात पाप ते काय? पण किड्याचं त्यात काही पाप नव्हतंच. तो त्याच्या स्वभावाप्रमाणे वागला. मी — थांबा, क्रमानं सांगतो. एकदम सांगायला गेलो तर पुन्हा काहीतरी गाळीन.

मी अहमदपुरात शाळेवर जीवशास्त्र शिकवतो. पंचवीसेक वर्षं झाली. गल्लीच्या टोकाला घर आहे, मागं दीड-दोन गुंठे जागा, आणि त्या जागेत माझी बाग. वांगी, मेथी, कढीपत्ता, लिंबू, शेवगा, कोपऱ्यात सीताफळ. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, हे तुम्हाला ठाऊकच असेल. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीबादलीनं घालून मी ती बाग जगवली. शाळेची पोरं रांगेनं बघायला यायची. गल्लीत कुणाच्या तुळशीवर मावा पडला तरी "मास्तरला विचारा" म्हणायचे. हे ऐकायला मला किती आवडायचं, ते आता लिहितानासुद्धा लाज वाटते.

भिंतीपलीकडे रुकय्या खाला राहतात. त्यांचे मालक गाद्या भरायचे. पिढ्यान्‌पिढ्यांचं ते काम. अर्ध्या गावाच्या लग्नातल्या गाद्या त्या घरच्या. आमच्या लग्नातलीही. मालक गेले, मुलगी उदगीरला दिली, तेव्हापासून खाला एकट्या. एकट्या म्हणजे — सातआठ कोंबड्या आणि दोन शेळ्या. शब्बो आणि तिची पाठ, म्हणजे तरणी लेक, मुन्नी. सकाळी भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. "काय गं सटवे, काल पाला दिला तो गोड न्हाई लागला? नवाबाच्या घरची हायस का?" शब्बो उत्तर द्यायची. खाला तिला पुन्हा उत्तर द्यायच्या. सुनंदा म्हणायची, आपल्या दोघांपेक्षा त्यांचंच बोलणं जास्त होतं.

त्या वर्षी पावसाळा अर्धा सरला होता. मी मुरुडच्या बाजूला मेहुण्याच्या शेतावर गेलो होतो, शेणखत आणायला. मेहुणा विहिरीवरच्या मोटारीकडे निघाला होता. जाता जाता म्हणाला, "दाजी, ढिगाच्या आतलं घ्या, कुजलेलं. वरलं नगा. आन् गोठ्यातलं तर अजाबात नगा."

शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. मीही पोरांना दरवर्षी सांगतो, कच्चं खत बागेत घालू नये. पण ढीग उकरायचा म्हणजे गुडघाभर आत जावं लागत होतं, आणि माझी पँट इस्त्रीची होती. गोठ्याच्या दाराशी बैलांखालचं झाडून गोळा केलेलं होतं. कोरडं, हलकं, फावड्यावर सहज येणारं. तिथंच बैलांखाली अंथरलेली चार पोतीही होती. त्यात भरलं. मेहुणा परत यायच्या आत भाड्याच्या जीपमध्ये टाकलं.

एका इस्त्रीच्या पँटीपायी. एवढंच कारण होतं — मला दुसरं मोठं कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं.

खत वाफ्यांत घातलं, रिकामी पोती भिंतीवर टाकली. दोनतीन दिवसांनी एक पोतं उचललं तर शिवणीत एरंडीच्या बीसारखं काहीतरी. निळसर करडं, टपोरं, तुकतुकीत. मी बोटानं ढकललं, आणि त्या बीला पाय फुटले.

फुगलेली गोचीडमादी. मी फळ्यावर किती वेळा काढली असेल! ही एकदाच पोटभर रक्त पिते, जनावरावरून खाली पडते, अंडी घालते आणि मरते. आजूबाजूला पाहिलं — आणखी तीन. म्हणजे किती आधीच वाफ्यांत पडल्या असतील? मला कळलं. तुम्हाला हे नीट सांगायला हवं — मला त्याच वेळी कळलं होतं. पुढं जे झालं ते अजाणता झालेलं नाही.

मी काय केलं? चारी पोती आंघोळीच्या बंबात घातली. सुनंदा म्हणाली, "चांगली पोती होती की." मी म्हणालो, उंदरांनी कुरतडली होती.

महिनाभर काही नाही. मग एके दिवशी मेथी खुडून आलेली सुनंदा मानेला हात लावून म्हणाली, "बघा हो, इथं काय तीळ आला?" तीळ नव्हता. तिला दोन दिवस ताप आला. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, पण बागेत पाठवू नका. त्याच आठवड्यात समोरच्या बिराजदार अण्णांच्या कुत्र्याच्या कानात गोचिडांचे झुपकेच्या झुपके निघाले.

नळाचा दिवस. सगळी गल्ली घागरी-नळ्या घेऊन बाहेर. अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, तुम्ही ह्यातले जाणते. कुठून आली हो ही पीडा?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सांगता आलं असतं. "माझी चूक झाली, मेहुण्याच्या गोठ्यातून आले" — किती लागलं असतं? थोडं हसले असते, दोन दिवस "गोचीडमास्तर" म्हणाले असते. मी खालांच्या घराच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं शब्बो बांधलेली होती. आणि मी म्हणालो, "शेळ्यांच्या अंगावर असतात."

बघा, वाक्य खरं आहे. पुस्तकात आहे. शेळ्यांच्या अंगावर गोचीड असतात. मी खोटं एक अक्षर बोललो नाही — असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगितलं.

खालांनी घागर खाली ठेवली. "मास्तर, रोज हातानं चाचपते मी शेरडं. कानात, शेपटीखाली, समदीकडं. एक न्हाई. या, हात लावून बघा."

कुणी पुढं झालं नाही. "खाला, तुमची शेरडं काय अत्तर लावून फिरतात का?" कुणीतरी म्हणालं. हशा झाला. खालाही थोडं हसल्या. मग मागून एक आवाज आला — कुणाचा ते मला माहीत आहे, पण त्याचं नाव घेऊन माझा भार हलका होत नाही — "ह्या लोकांचं असंच असतंय. घाण ह्यांची, निस्तरायची आपण."

खालांचं हसू तिथंच राहिलं. आमच्या गल्लीत असं कुणी कधी मोठ्यानं बोललेलं नव्हतं. खालांच्या सासऱ्यांच्याही आधीपासून ते घर तिथं आहे. आणि हे वाक्य बाहेर पडायला वाट कुणी करून दिली? मी मान खाली घालून घागरीत पडणारं पाणी बघत होतो.

आठ दिवसांत शेळ्या गेल्या. अण्णा दोनदा "शेळ्या हलवा" सांगून आले, नगरपालिकेत अर्ज द्यायचं बोलणं निघालं, आणि खालांनी उदगीरला मुलीकडं निरोप धाडला. जीप आली. मुन्नी चढली, शब्बो चढेना. चारी पाय रोवून उभी. खालांनी तिचं तोंड आपल्या पदराखाली घेतलं, कानात काहीतरी बोलल्या, तेव्हा ती चढली. मी खिडकीच्या आत होतो.

दुसऱ्या सकाळी भिंतीपलीकडून आवाज नव्हता.

गोचीड अर्थातच होते. वाढले होते. चार दिवसांनी खाला फाटकात उभ्या. काखेत पांढऱ्या कापडाची गुंडाळी, हातात झाकणाचा डबा.

"मास्तर, शेरडं गेली. गोचीड न्हाई गेले. आता?"

मी काहीतरी म्हणालो — जनावरांचं औषध आणलंय, सगळीकडं फवारतो.

"आन् भाजी कोन खानार मग? सुनंदाला पाजनार का ते? सरका."

आणि त्या आत आल्या. गल्ली त्यांच्या नावानं बोलत होती. गोचीड जोवर होते, तोवर ते त्यांचेच म्हटले जाणार होते. म्हणून आल्या असतील. की सुनंदाच्या तापामुळं? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं?

आता पुढचं जे सांगतो, ते मी जन्मभर विसरणार नाही. ती कापडाची गुंडाळी म्हणजे जुन्या गादीच्या पांढऱ्या खोळीची दीड हात रुंद पट्टी होती, आत पातळ कापूस भरून टाके घातलेली. दव वाळल्यावर, ऊन चढायच्या आत, खाला ती पट्टी गवतावरून ओढायच्या — इतकी सावकाश की पट्टी सरकतेय की नाही कळू नये. तीन पावलं झाली की उलटी करायच्या. पांढऱ्यावर तांबूस ठिपके. ठिपके चालत असायचे.

"कापसाला धरून बसतंय ते," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतंय जनावर गेलं. आमच्या सासूनं शिकवलं. गादीचा कापूस वाळत घातला की गवतातलं असलं कायबाय चिकटून यायचं."

मी शाळेतून भिंग आणलं. त्या ठिपक्यांना सहा पाय होते. सहा! मी पंचवीस वर्षं "गोचिडाला आठ पाय" सांगत आलो, आणि "अळीला सहा" ही ओळ पुस्तकात होती तिकडं कधी लक्षच दिलं नव्हतं. धुळीच्या कणाएवढा जीव, सहा पायांचा, पहिल्या घासाची वाट बघत गवताच्या टोकावर बसलेला. एका पात्याच्या टोकावर शंभरसुद्धा असतील, एकमेकांना धरून. वारा आला की पातं हलायचं, ते हलायचे नाहीत.

मग खालांनी मला भिंतीपाशी बोलावलं. विटांच्या फटीत काही दिसत नव्हतं. "सास सोडा," म्हणाल्या. "हळू. लेकराच्या डोळ्यात फुंकर घालतात तसं न्हाई — झोपलेला मानूस सोडतोय तसा."

मी फटीवर श्वास सोडला. काही नाही. पुन्हा सोडला. आणि फटीच्या कडेवर एक पाय आला, मग दुसरा, मग अख्खा तपकिरी गोचीड बाहेर येऊन उभा राहिला. पुढचे दोन पाय हवेत. इकडे-तिकडे हलवत, चाचपत — हवेला चाचपत. त्याच्यामागं दुसरा. तिसरा. त्यांना डोळ्यांनी मी दिसत नव्हतो. माझा श्वास त्यांना पोचला होता. मी जिवंत आहे, उबदार आहे, रक्ताचा आहे, हे त्या मोहरीएवढ्या जिवांना माझ्या एका श्वासावरून कळलं होतं.

"बघा, कसा हात वर करून उभा राहिला," खाला माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या. "दुवा मागून राहिला. मास्तर यावा, मास्तर यावा." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसल्या. "तौबा!"

माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं नाही. पुढच्या पायांच्या टोकाशी गंध घेणारी इंद्रियं असतात, हे मी दरवर्षी शिकवतो, प्रश्न विचारतो, दोन गुण असतात त्याला. पण ते असं असतं? महिनोन्‌महिने न खाता, न हलता, कोरड्या विटेच्या फटीत एक जीव बसून राहतो — आणि कुणाच्या तरी श्वासानं उठतो? मला त्या सकाळी देवळातही कधी न वाटलेलं काहीतरी वाटलं. इतका राखून ठेवलेला जीव! इतकी वाट!

"किती सबर, किती धीर दिला बघा एवढ्याशाला," खाला म्हणाल्या. मग वाकवलेल्या टाचणीनं एकेक उचलला आणि डब्यातल्या साबणाच्या पाण्यात सोडला. त्यांनी कधी गोचीड चिरडला नाही. चिरडला की अंगातलं पसरतंय, म्हणायच्या; पण त्या टाकायच्याही अशा, की जशी काही एखाद्याची ठेव जागेवर ठेवतायत.

आम्ही गवत मुळापासून काढलं, वाफ्यांत ऊन येऊ दिलं. भिंतीच्या फटी चुन्यानं बुजवल्या. खालांनी कोंबड्या आणून सोडल्या, आणि त्या माझी मेथी तुडवत आनंदानं वेचत फिरल्या. रोज सकाळी, शाळेआधी. महिना गेला, दुसरा लागला. बाग माझी, गोचीड माझे, आणि गुडघे धरून त्या वयात ओणवी होत होती ती बाई.

एक दिवस खत उकरताना त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं. सुकलेली, चपटी, सुरकुतलेली मादी, आणि तिच्यापुढं तिनं घातलेल्या अंड्यांचा ढीग — तांबूस, चकचकीत, बारीक रव्यासारखा. तिच्या स्वतःपेक्षा मोठा. किती हजार असतील? तिच्यात काहीच उरलेलं नव्हतं; सगळं त्या ढिगात गेलेलं. आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसतं बघत राहिलो.

मग खाला म्हणाल्या, "हे बैलाचं हाय, मास्तर. गोठ्यातलं. शेरडावर एवढं मोठं न्हाई होत."

आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं — बघितलं. खत माझं होतं. खत कुठून आणलं हे गल्लीला माहीत होतं. जीप सगळ्यांनी बघितली होती. त्यांना आणखी काय कळायचं राहिलं होतं?

मी म्हणालो, "हं."

बस्. एवढंच म्हणालो — हं. त्यांनी तळहात डब्यात झाडला आणि पुढचा वाफा धरला. दुसऱ्या दिवशी त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आल्या. त्याच वेळेला, पट्टी काखेत घेऊन.

थंडी सुरू होईपर्यंत पट्टी पांढरी निघू लागली. अण्णांचं कुत्रंही स्वच्छ झालं. मग एका नळाच्या दिवशी अण्णा मोठ्यानं म्हणाले, "बघा, शेळ्या गेल्या, गोचीड गेले. मास्तर म्हणले तेच खरं निघालं."

खाला रांगेत होत्या, माझ्यापुढं दोन माणसं सोडून. त्या वळल्या. थांबल्या फक्त. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो — त्यावर मागणी नव्हती, दटावणी नव्हती. माझ्यासाठी जागा करून दिल्यासारख्या त्या थांबल्या होत्या. एवढं सगळं माहीत असलेली बाई गप्प होती, आणि बोलायचं मी होतो.

मी नळी सरळ करायला वाकलो. नळी सरळच होती.

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. ही दुसरी वेळ. दोन महिने त्यांनी माझ्या बागेत पाठ वाकवल्यानंतरची. तिला मी काय नाव देऊ?

याला आता तीन वर्षं होतील. शब्बो उदगीरलाच गेली — म्हणजे वारली. मुन्नीला तिथं पिल्लं झाली. खाला एकदा जाऊन बघून आल्या. त्या आता पिशवीतल्या दुधाचा चहा करतात. सुनंदा कधी विचारते, "खाला, पुन्हा एखादी शेळी पाळा की." त्या म्हणतात, "नको गं बाई. लोकान्ला तरास." सुनंदा हळहळते. मी पेपर चाळत असतो.

शाळेत धडा आला की पोरांना मी आता फळ्यावर शिकवत नाही. भिंग देतो, अळीचे पाय मोजायला लावतो, श्वासाची गोष्ट सांगतो. पोरं "ओऽ" करतात. "सर, तुम्हाला कसं कळलं?" एकीनं विचारलं. मी म्हणालो, निरीक्षणातून. खालांचं नाव तिथंही घेतलं नाही. हेही लिहायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

खाला माझ्याशी बोलायच्या थांबलेल्या नाहीत. पावसाळ्यात भिंतीवरून हाक येते, "मास्तर, गवत वाढलं. कापा." मी कापतो. त्यांनी कुणाला काही सांगितलेलं नाही. का, ते मला कळत नाही, आणि ते माझ्यावरचं प्रेम आहे असं समजायचा मला हक्क नाही.

गल्ली अजूनही मानते की गोचीड खालांच्या शेळ्यांनी आणले. ते माझ्या पोत्यांतून आले. हे मी खालांच्या समोर, अण्णांच्या आणि सगळ्यांच्या देखत, तोंडानं सांगायचं देणं लागतो. कागदावर लिहून ते फिटत नाही. अजून मी सांगितलेलं नाही.